दमाचा खेळ आणि घड्याळाचा काटा
मैदानांचे स्थित्यंतर : लेखांक आठवा

गेल्या लेखांकात आपण मेलबर्न शहरापर्यंत जाऊन आलो. १८५९ च्या मे महिन्यात चार-दोन क्रिकेटप्रेमी गृहस्थांनी एका हॉटेलात बसून दहा कलमांचा एक कागद तयार केला, त्या कागदातून एका शहरापुरता एक फुटबॉल जन्मास आला, त्याच्या आठ संघांनी १८९७ साली आपली स्वतंत्र लीग चालू केली, आणि पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे एका प्रांताच्या हद्दीत नांदलेली ती लीग १९८२ मध्ये एक संघ सिडनीला पाठवून, १९८७ मध्ये पर्थ येथे व ब्रिस्बेनच्या नावाने नवे संघ उभे करून, अखेर १९९० मध्ये आपल्या नावातील प्रांताचा उल्लेख काढून तेथे देशाचे नाव कशी घालती झाली, ही हकीकत आपण सविस्तर पाहिली. ती लिहीत असताना माझ्या मनात एकसारखे येत होते की, समुद्रापलीकडच्या ह्या वृत्तान्ताचे जुळे भावंड आपल्याच अंगणात वाढलेले असता आपण त्याची विचारपूस मात्र केलेली नाही. पायाने चेंडू लाथाडण्याचा खेळ आपल्या मुलखाने साहेबाकडून घेतला. परंतु प्रांताप्रांतांत निरनिराळ्या नावांनी खेळला जाणारा, गावागणिक कायदा बदलणारा आणि तरीही अखेर एका नियमावलीखाली, एका नावाखाली व एका बाजारपेठेखाली आलेला असा खेळ आपल्याकडे शोधू गेल्यास तो हुतूतूच होय.

बीदर आणि कलबुर्गी ह्या दोन जिल्ह्यांच्या वाचकांस ह्या खेळाच्या त्या बहुरूपी अवस्थेची कल्पना देण्याची आवश्यकता नसावी, कारण ती अवस्था त्यांच्या दारात होती. भालकी, औराद, कमलनगर ह्या बाजूच्या मराठी घरांतील मुले ज्याला हुतूतू म्हणत, त्यालाच पाठशाळेतील कन्नड सोबती कबड्डी म्हणत, आणि जहीराबाद-नारायणखेडकडून आलेला एखादा तेलुगू पाहुणा चेडुगुडु म्हणून त्याची ओळख देई. दिवेलागणीपूर्वीच्या तासाभरात एकाच आखलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी तीन भाषांतील दम घुमत असत आणि त्यावरून कोणाचे अडत नसे, असे आमच्याकडील वडीलधारी माणसे सांगत. अडत असे ते जमिनीवरून. बीदरचे पठार जांभ्याचे. तेथील तांबडी मुरमाड माती गुडघे सोलून काढी. खाली कलबुर्गीकडे, जेथे तुरीचे आगर आहे, तेथील काळी जमीन पावसाळ्यात पाय सोडीत नसे आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत पाऊल अडके. त्यामुळे खेळाचा हंगाम सुगीनंतरचा, आणि त्याचे मुख्य पीठ जत्रेचे. खानापूरचा मैलार मल्लण्णा, हुमनाबादचा वीरभद्रेश्वर, माणिकनगरची दत्तजयंती ही ह्या मुलखातील माणसे एकत्र येण्याची ठिकाणे. आणि जेथे दोन गावचे तरुण एकत्र आले, तेथे मैदान आखण्यास राखेची चिमूट पुरे होत असे.

खेळ जुना आहे, ह्याविषयी वाद नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी ह्या खेळांच्या पंक्तीत हुतुतूलाही स्थान मिळालेले आहे, आणि वारकऱ्यांच्या घरांनी भरलेल्या आपल्या सीमाभागात तो उल्लेख कित्येकांना मुखोद्गत असेल. परंतु जुनेपणा निराळा आणि एकरूपता निराळी. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तरी ह्या खेळाचे तीन प्रकार प्रचलित होते. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन मैदानात परत येई. 'गनिमी' प्रकारात बाद झालेला गडी बाहेर बसला तो बसलाच, आणि सारा पक्ष निखालस कापला गेल्यावरच डाव पुरा होई. 'अमर' प्रकारात बाद होणाऱ्याने मैदान सोडावयाचेच नाही, प्रतिपक्षाच्या खाती एक गुण जमा व्हावयाचा आणि खेळ अखंड चालावयाचा. संजीवनी व अमर हे शब्द संस्कृतातून आलेले, गनीम अरबी-फारशीच्या वाटेने दौलताबादच्या घाटातून उतरलेला. बीदरच्या किल्ल्याखाली वाढलेल्या मराठीचा सगळा प्रपंचच ह्या तीन नावांत दिसतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तीन प्रकार, आणि त्या प्रत्येकाचे गावोगावचे पोटभेद. मैदान केवढे, गडी किती, अंग घासले तर बाद की हात लागला तर बाद, दम कोठे घ्यावयाचा व कोठवर टिकवावयाचा, ह्या प्रत्येक कलमावर तंटा संभवे. आणि जत्रेतील तंट्याचा निवाडा करण्यास मुन्सफ बसविलेला नसतो. खेळ एका गावात राहतो तोवर शिरस्त्यावर भागते. दोन गावांत जातो तेव्हा पंच लागतो. दोन जिल्ह्यांत जातो तेव्हा मसुदा लागतो. ह्या मसुद्याचे श्रेय महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींकडे जाते. १९२१ च्या सुमारास संजीवनी व गनिमी ह्यांचा मेळ घालणारी एक चौकट महाराष्ट्रात तयार झाली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले आणि त्या नियमांवर अखिल भारतीय म्हणविणारे सामनेही भरविले. बडोदे म्हणजे सयाजीरावांचे संस्थान. कोश, ग्रंथालये, व्यायामशाळा ह्या सर्व गोष्टी जेथे दफ्तरी शिस्तीने चालत, तेथेच हुतूतूला पहिली छापील सनद मिळावी ह्यात मला स्वाभाविकता दिसते. पुढे पुण्यातील डेक्कन जिमखाना व अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ ह्यांच्या परिश्रमांनी त्या नियमांना वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या.

ह्याच काळात आपले जिल्हे निजामाच्या अमलाखाली, गुलबर्ग्याच्या सुभ्यात होते. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषा उर्दू. सरकारी दफ्तरात हुतूतूसाठी रकाना नव्हता आणि हुतूतूलाही सरकारी दफ्तराची गरज भासली नव्हती. बडोद्याचा कागद इकडे केव्हा आणि कोणाच्या पिशवीतून आला असेल, ते सोलापूर-गुलबर्गा आगगाडीला विचारावे. कागद पोहोचण्यापूर्वी खेळ मात्र फार दूर पोहोचला होता: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक करून दाखविले, आणि दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याचा अंतर्भाव झाला.

आता नावाचा प्रश्न, जो माझ्या दृष्टीने ह्या सर्व इतिहासातील सर्वांत रसाळ होय. मैदानाची लांबी-रुंदी ठरविणे सोपे. दोऱ्या लावल्या की काम झाले. गड्यांची संख्या ठरविणेही कठीण नव्हे. परंतु ह्या खेळाचे मर्म आहे दमात: चढाई करणाऱ्याने एकाच श्वासात एक शब्द सतत उच्चारीत शत्रूच्या मुलखात जावयाचे, गडी मारावयाचे आणि श्वास संपण्यापूर्वी परतावयाचे. मग तो शब्द कोणता? महाराष्ट्र म्हणणार हुतूतू, तमिळनाड म्हणणार सडुगुडु, आंध्र म्हणणार चेडुगुडु, बंगाल म्हणणार हाडुडु. जगातील अन्य कोणत्याही सांघिक खेळात खेळाडूने मैदानावर काय उच्चारावे हे नियमात लिहावे लागलेले माझ्या पाहण्यात नाही. येथे मात्र राष्ट्रभाषेचा वाद एका श्वासाच्या अवधीत सोडवावयाचा होता. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी संघटना स्थापन झाली, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ मध्ये कलकत्त्यास स्त्रियांची झाली, आणि ह्या सर्व ठिकाणी नाव व दमाचा शब्द दोन्ही एकच राहिले: कबड्डी. हा शब्द तमिळमधील 'कै-पिडी', म्हणजे हात धरणे, ह्यापासून आला असे एक मत आहे. उत्तरेकडील मंडळी तो आपला मानतात. मराठी माणसाने नियम दिले आणि आपला शब्द सोडून दिला, असा हा एकंदरीत व्यवहार झाला.

ह्या व्यवहारात नुसता सौजन्याचाच भाग होता असे मी समजत नाही, आणि पुढे मांडतो तो माझा स्वतःचा तर्क आहे. 'हुतूतूतूतू' हा उच्चार करून पाहावा. ओठ चंबूसारखे होतात, जीभ दातांच्या मागे जेमतेम हलते, आणि कसलेला गडी त्या गुणगुणीत श्वास केव्हा आत ओढून घेतो ते शेजारी उभ्या असलेल्या पंचालाही उमगत नाही. आता 'कबड्डी कबड्डी' म्हणून पाहावे. क कंठात अडतो, ब ओठांवर अडतो, ड्ड टाळूवर आपटतो. प्रत्येक फेऱ्यात तीन वेळा वाट बंद होऊन उघडते, आणि मध्ये चोरून घेतलेला श्वास ताबडतोब ऐकू येतो. हुतूतू हा खेळणाऱ्याच्या सोयीचा शब्द होता, कबड्डी हा पंचाच्या सोयीचा आहे. ज्या दिवशी खेळापेक्षा निवाड्याला अधिक महत्त्व येते, त्या दिवशी शब्दही निवाडा करणाऱ्याच्या पसंतीचा येतो. जमाबंदीच्या कामात गावचा बिघा जाऊन सरकारी एकर आला तो ह्याच न्यायाने.

नाव एक झाले तोच मुलूख तीन झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची फाळणी झाली. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे, जहीराबाद व नारायणखेड आंध्राकडे आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे गेले. ह्या घटनेचे राजकीय परिणाम ह्या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगावयाचे कारण नाही. क्रीडेच्या बाबतीतला परिणाम मात्र सहसा कोणी नमूद करीत नाही. राष्ट्रीय स्पर्धा राज्यनिहाय, राज्याचा संघ जिल्हा संघटनांमार्फत, आणि जिल्हा संघटनेत प्रवेश रहिवासाच्या दाखल्यावर. तेव्हा काही कोसांच्या अंतरावर राहणारे, एकमेकांच्या लग्नाला वऱ्हाडी म्हणून जाणारे दोन मावसभाऊ, एक उदगीरचा व एक भालकीचा, कागदोपत्री दोन प्रतिस्पर्धी राज्यांचे गडी झाले. उदगीरच्या मुलासमोर मुंबई-पुण्याच्या संघांची, त्यांच्या नोकऱ्यांची, त्यांच्या वृत्तपत्रांची वाट होती. भालकीच्या मुलाला बेंगळुरूपर्यंतचा रेल्वेचा दीर्घ प्रवास होता, आणि तेथे पोहोचल्यावर निवड समितीशी कोणत्या भाषेत बोलावे हाही प्रश्न होताच.

नोकऱ्यांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. व्यवसाय म्हणून खेळ खेळणे आपल्याकडे २०१४ साली सुरू झाले असे जे आज म्हटले जाते, ते अर्धसत्य आहे. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळ-दादरच्या चाळींत आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या मंडळांत कबड्डी वाढली, आणि तिला अन्न मिळाले ते कारखाने, रेल्वे, पोलीस, बँका व सरकारी कंपन्या ह्यांच्या संघांकडून. चढाई चांगली असेल तर रेल्वेत चिकटता येते, कोपरा चांगला राखत असेल तर पोलिसांत भरती होता येते, हे ज्ञान खेड्यापाड्यांतील मुलांना शाळेच्या पुस्तकांहून लवकर झाले. पगार मिळावयाचा तो कारकुनीचा, शिपाईगिरीचा किंवा यंत्रावरच्या कामाचा. काम असावयाचे ते सामन्यांचे. खेळाडू हौशी आणि संघ व्यवस्थापनाच्या खर्चाचा, अशी ही गोड तडजोड होती. वाचकांस ह्या मालिकेतील हडर्सफील्डचा प्रसंग आठवत असेल: १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील बावीस रग्बी मंडळे मूळ संघटनेतून बाहेर पडली, ती सामन्यासाठी बुडालेल्या कामाची रोजी गिरणी-खाणींतील खेळाडूंना भरून मिळावी एवढ्याच मागणीसाठी. तेथे ज्या मुद्द्यावर घर फुटले, तो मुद्दा आपल्याकडे एखाद्या साहेबाने हजेरीपटावर सही करून मिटविला. भांडण टळले, पण खेळाडूच्या कसबाची किंमत उघड बाजारात ठरण्याचे कामही त्यामुळे साठ वर्षे लांबले.

ह्या साठ वर्षांत जे घडले त्यातील बरेचसे एका माणसाच्या नावाशी निगडित आहे. शंकरराव तथा बुवा साळवी ह्यांनी मुंबईतून देशभर आणि देशाबाहेर ह्या खेळाचा संसार मांडला. १९७८ मध्ये भिलाई येथे आशियाई संघटना स्थापन झाली, १९८० मध्ये कलकत्त्यास पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत प्रात्यक्षिक झाले, आणि १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ म्हणून खेळली गेली. महाराष्ट्रात बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कारही, १९७२ चा, सदानंद शेट्ये ह्या मराठी खेळाडूलाच मिळाला होता.

खेळ देशाचा झाला की तो मूळ मालकाचा राहत नाही, ह्याचा प्रत्यय मात्र बीजिंगनंतर लवकरच आला. दिल्लीजवळचे निजामपूर आणि त्याच्या भोवतालचा हरियाणाचा पट्टा येथील उंच, दणकट, दुधातुपावर वाढलेली मुले सेनादल व रेल्वे ह्यांच्या संघांतून पुढे आली, आणि ज्या महाराष्ट्राने नियम लिहिले त्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले. ते पुन्हा हाती आले ५ जानेवारी २०१८ रोजी, सेनादलाला अंतिम सामन्यात हरवून. आणि ते कोठे, तर हैदराबादेस, गच्चीबावलीच्या मैदानावर. त्या संघाचा नायक होता रिशांक देवाडिगा, ज्याचे आडनाव तुळुनाडूच्या किनाऱ्याची खूण सांगते. आपल्या जुन्या राजधानीत, कानडी मुळाच्या नायकाच्या हातून महाराष्ट्राचा मान परत यावा, ह्या योगायोगाची चव सीमाभागातील माणसाइतकी इतरांना कळावयाची नाही.

परंतु तोपर्यंत राष्ट्रीय स्पर्धेचे तेज दुसऱ्याच एका स्पर्धेने झाकोळले होते. २००६ च्या दोहा येथील आशियाई खेळांत कबड्डीला प्रेक्षकांची जी दाद मिळाली, तीवरून समालोचक चारू शर्मा ह्यांच्या मनात एक योजना आली. उद्योगपती आनंद महिंद्रा ह्यांच्यासह त्यांनी मशाल स्पोर्ट्स ही कंपनी काढली. स्टार ह्या दूरचित्रवाणी कंपनीने प्रक्षेपण हाती घेतले आणि लीग सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी मशालमधील चौऱ्याहत्तर टक्के हिस्साही घेतला. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या पहिल्या मोसमात ४३ कोटी ५० लक्ष प्रेक्षकांनी ती कधी ना कधी पाहिली असा हिशेब प्रसिद्ध झाला, आणि क्रिकेटच्या लीगखालोखाल एवढा प्रेक्षकवर्ग देशात दुसऱ्या कोणत्याही लीगला नव्हता. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती निजामपूरच्याच राकेशकुमारवर, १२ लक्ष ८० हजार रुपयांची. २०१८ मध्ये मोनू गोयतच्या नावापुढे १ कोटी ५१ लक्षांचा आकडा लागला, आणि २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लक्ष ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट. पूर्वीच्या पिढीतील ज्या गड्यांनी गुडघ्यांच्या वाट्या झिजवून तृतीय श्रेणीच्या पेन्शनीवर समाधान मानले, त्यांनी हे आकडे वाचून काय मनात आणले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

पैशापेक्षाही महत्त्वाचा बदल मैदानात झाला. मातीची जागा गादीने, म्हणजे ज्याला आज सर्वजण मॅट म्हणतात त्या अंथरुणाने, आधीच घेतली होती; त्यामुळे लाल माती की काळी माती हा आमच्याकडील सनातन वाद निकालात निघाला. मैदान पुरुषांसाठी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, गडी सात, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापलीकडे एका मीटरवर बोनस रेषा, सारा संघ बाद केल्यास लोणाचे दोन गुण, हा सांगाडा कायम राहिला. त्यावर तीन कलमे अशी चढविण्यात आली की त्यांनी खेळाचा स्वभाव बदलला. चढाईस तीस सेकंदांची मुदत घातली गेली. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण घेतलाच पाहिजे, न घेतल्यास चढाई करणारा बाद, असे ठरले. आणि मैदानात तीन किंवा कमी गडी उरलेल्या बाजूने पकड केली तर तिला एक गुण जादा, अशी सवलत देण्यात आली. ह्यांतील तिसरे कलम मला फार शहाणपणाचे वाटते, कारण पूर्वी तीन गड्यांवर आलेला संघ लोण चढण्याची नुसती वाट पाहत उभा राही. आता तेच तीन गडी सर्वांत धोक्याचे असतात. दुसऱ्या कलमाने वेळकाढूपणाची सद्दी संपविली. आघाडीवर असलेला संघ निदान रेषा ओलांडून परत येण्याची जी कंटाळवाणी कवाईत करीत असे, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्या कलमाचे मोल कळेल.

पहिल्या कलमाविषयी मात्र मी अद्याप द्विधा आहे. तीस सेकंदांची मुदत पंचाला सोयीची, प्रक्षेपणाला सोयीची, प्रेक्षकालाही सोयीची. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उतरत जातात आणि घरात बसलेल्या माणसाचा जीव वर-खाली होतो. परंतु ज्या खेळात माणसाची छाती हेच घड्याळ होते, तेथे बाहेरचे घड्याळ आणून बसविल्यावर आतले घड्याळ नाममात्र उरले. दम अजून आहे, नियमातही आहे. खेळाडू कबड्डी-कबड्डी म्हणतो, पंच ते ऐकतो. तथापि दम सुटला म्हणून बाद, असा निर्णय आजच्या सामन्यात किती वेळा ऐकू येतो, ते वाचकांनी पुढच्या वेळी मोजून पाहावे. प्रथम शब्द गेला तो पंचासाठी. मग श्वास बाजूला सरला तो प्रक्षेपणासाठी. मी ह्याला ऱ्हास म्हणत नाही. मेलबर्नच्या फुटबॉलनेही देश जिंकण्यासाठी घरची मैदाने सोडली होती.

ह्या बाजाराने एक गोष्ट अशी केली की जी साठ वर्षांच्या संघटनांना साधली नव्हती. लिलावात रहिवासाचा दाखला मागत नाहीत. २०१५ च्या दुसऱ्या मोसमाचा अंतिम सामना आठवावा: एका बाजूस यू मुंबा, दुसऱ्या बाजूस बेंगळुरू बुल्स. सीमाभागात त्या रात्री कोणत्या घरात कोणाची बाजू घेतली गेली, ह्यावरून पुष्कळ चर्चा झाली असावी, आणि मुंबईने ३६-३० असा सामना जिंकल्यावर ती थांबली असेल असेही नाही. परंतु मुंबईचा नायक अनुपकुमार आणि बेंगळुरूचा नायक मनजीत छिल्लर, दोघेही उत्तरेचे. आपण ज्या दोन झेंड्यांखाली भांडत होतो, ते झेंडे धरणारे हात आपल्यापैकी कोणाचेच नव्हते. त्याहून बोलका प्रसंग १ मार्च २०२४ चा. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळविले. नायक नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. प्रशिक्षक कर्नाटकाचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी बी. सी. रमेश, पकडीचा आधारस्तंभ इराणचा मोहम्मदरेझा शादलू, आणि मैदान पुन्हा हैदराबादचेच. बीदर शहरात १४७२ साली मदरसा बांधणारा वजीर महमूद गावान हाही इराणातल्या गिलानचाच होता. दख्खनच्या दौलतीला इराणी माणूस, मराठी सरदार व कानडी कारभारी एकत्र राबविण्याची सवय जुनी आहे. पलटणच्या मालकांनी ती अजाणता पुन्हा चालू केली.

इराणचे नाव निघाले म्हणून हेही सांगून टाकले पाहिजे की, २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत पुरुषांच्या उपांत्य सामन्यात आणि स्त्रियांच्या अंतिम सामन्यात भारताला हरविले ते इराणनेच. त्या वेळी आपल्याकडे सुतक पाळल्यासारखी अवस्था झाली. मला स्वतःला त्या पराभवात खेळाच्या सुदृढपणाची खूण दिसली, कारण ज्या खेळात आपण कधीच हरत नाही तो खेळ आपण एकटेच खेळत असण्याचा संभव असतो. २०२३ मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णपदके परत आली.

स्त्रियांच्या कबड्डीबाबत मात्र असे समाधानाने लिहिता येत नाही. २०१६ साली पुरुषांच्या लीगला जोडून तीन संघांची एक स्पर्धा स्त्रियांसाठी झाली, तिचा अंतिम सामना ३१ जुलै रोजी, पुन्हा हैदराबादलाच, अवघ्या एका गुणाच्या फरकाने लागला. एवढा रंगलेला सामना झाल्यावर दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही, आणि तिसऱ्या वर्षीही नाही. १९५५ पासून राष्ट्रीय स्पर्धा खेळत आलेल्या, आशियाई सुवर्णपदके आणणाऱ्या मुलींसाठी तीन संघांची लीगही ज्या व्यवस्थेला परवडत नाही, तिला राष्ट्रीय व्यावसायिक खेळ हे बिरुद मी अर्धेच देईन. उरलेले अर्धे अद्याप रेल्वेच्या हजेरीपटावर आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलावयाचे, तर मॅटचे मैदान, प्रशिक्षक आणि निवड चाचणीपर्यंतचे प्रवासभाडे ह्या तीन गोष्टींखेरीज येथील मुलाला अन्य कशाची उणीव नाही, आणि ह्या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी करता येण्याजोग्या आहेत. पलटण आणि बुल्स ह्यांचे दलाल गुणी मुलगा शोधण्यासाठी हरियाणाच्या खेड्यांत हिंडतात. भालकीला उतरण्यास त्यांना आगगाडी आहे.

एक विनंती. १९५६ पूर्वी बीदर, भालकी, उदगीर, आळंद, कल्याण ह्या बाजूला झालेल्या सामन्यांची हस्तपत्रके, वर्गणीच्या वह्या किंवा छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्यांच्या नकला ह्या नियतकालिकाकडे अवश्य पाठवाव्यात. आणि ज्यांच्या गावी दमाचा शब्द हुतूतू, कबड्डी, चेडुगुडु ह्यांहून निराळा होता, त्यांनी तो शब्द जसा ऐकला तसाच लिहून कळवावा. पुढील लेखांक खो-खोवर असेल.